दुखावल्याचा दाखला

(रायपूरच्या चौबे कॉलोनीत मराठी मंडळींच्या एका घरगुती बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून लिहून काढलं आहे.)



मला दिलेल्या चिठ्ठीवर विषय असा लिहिलाय: 'राजकारणात आज जो तो स्वतःला पीडित म्हणवतो.' मी त्यात थोडा फरक करून बोलणार आहे. जो तो म्हणवतो याचा मला त्रास नाही. दुःख सांगायला कुणालाच बंदी नसावी. माझा प्रश्न वेगळा आहे. कुणाचं दुःख ऐकल्याबरोबर खरं मानलं जातं, आणि कुणाला ते कागद लावून सिद्ध करावं लागतं?

सुरुवात याच कॉलोनीतून करते. ही बैठक ठरवायला मागच्या महिन्यात मी इथे एका घरी आले होते. घरातले काका सत्तरीचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. पोहे झाले, चहा झाला, आणि काका म्हणाले, "मॅडम, रागावू नका, पण खरं सांगतो. या देशातले आजचे दलित म्हणजे आम्ही. नातीला एवढे मार्क पडले, तरी मेडिकल मिळालं नाही." बोलताना त्यांचा आवाज भरून आला होता, त्यात नाटक नव्हतं. मी वातावरण हलकं करायला विचारलं, "मग काका, दाखला काढलात का?" काका हसले. काकू हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दाखला कशाला? दिसत नाही का सगळ्यांना?"

काकूंचं ते वाक्य मी तेव्हापासून डोक्यात घेऊन फिरतेय. आमच्या घरात असं वाक्य कुणाच्या तोंडून निघणं शक्य नाही. का, ते सांगते.

माझे आजोबा १९५२ साली गोंदियाहून रायपूरला आले, रेल्वेच्या कामावर मजूर म्हणून. तेव्हा गोंदिया मध्य प्रदेशात होतं आणि रायपूरही मध्य प्रदेशात. दोघांची राजधानी नागपूर. म्हणजे आजोबांनी राज्य ओलांडलं नाही, त्याच लायनीवर थोडे पुढे येऊन उतरले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. गोंदिया मुंबई राज्यात गेलं, रायपूर मध्य प्रदेशात राहिलं. पुढे २००० साली छत्तीसगड झालं. आजोबा त्याच खोलीत होते, सरहद्द त्यांच्या मागून सरकली.

आता त्यांच्या पणतूला, म्हणजे माझ्या पुतण्याला, जातीचा दाखला हवा आहे. कार्यालयातून सांगण्यात आलं की १० ऑगस्ट १९५० च्या आधी कुटुंब या भागात राहत होतं असा कागद आणा. अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश त्या तारखेचा आहे, म्हणून ती तारीख. कागद कोणता? जमिनीची मिसल चालेल, शाळेच्या दाखिल-खारिजची नोंद चालेल. नसेल तर मूळ गावी जा. मूळ गावी गेलो. तिथे आमच्या नावावर कधी वीतभर जमीन नव्हती, मग सातबारा कुठून असणार? आजोबा शाळेत गेले नव्हते, मग नोंद कुठून असणार? ज्या जातीमुळे जमीन मिळाली नाही आणि शाळा मिळाली नाही, ती जात सिद्ध करायला जमिनीचा आणि शाळेचा कागद मागतात. या खोलीत आमच्या वस्तीतली जी माणसं बसली आहेत, त्यांना हे नवीन नाही. बाकीच्यांनी एकदा डोळ्यांसमोर आणून बघावं.

आणि कागद असलेले लोक काय करतात तेही याच शहरात दिसलं. १८ जुलै २०२३ ला अनुसूचित जाती-जमातींचे तरुण विधानसभेच्या रस्त्यावर नागडे धावले. हातात फलक होते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की राज्याच्याच छाननी समितीने २६७ जणांचे जातीचे दाखले खोटे ठरवलेत, ती माणसं अजून नोकरीत आहेत, त्यांना काढा. सरकारने त्यावर आदेश काढला होता, अंमल होत नव्हता, बरीच प्रकरणं कोर्टाच्या स्थगितीत अडकलेली. तरुणांना पोलिसांनी लगेच अटक केली. त्या दिवशी टीव्हीवर चर्चा अश्लीलतेची झाली. खरी जात असलेल्याला अंगावरचे कपडे उतरवून सांगावं लागलं, आणि खोट्या कागदावर बसलेल्याच्या खुर्चीला धक्का लागला नाही.

आता काकांच्या मेडिकलकडे येते, कारण या देशात 'आमच्यावर अन्याय झाला' या तक्रारीचा इतिहास मेडिकलच्या जागेपासूनच सुरू होतो. १९५१ सालचा खटला आहे, मद्रास राज्य विरुद्ध चंपकम दोराईराजन. मद्रासमध्ये दर १४ जागांची वाटणी ठरलेली होती: ६ ब्राह्मणेतर हिंदूंना, २ मागास हिंदूंना, २ ब्राह्मणांना, २ हरिजनांना, १ अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिश्चनांना, १ मुसलमानांना. लोकसंख्येत ब्राह्मण शेकडा तीनच्या आसपास होते, जागा चौदात दोन. तरीही तक्रार अशी की ब्राह्मण असल्यामुळे प्रवेश मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली आणि ही वाटणी रद्द झाली. त्यावरून त्याच वर्षी संविधानात पहिली दुरुस्ती करावी लागली, १५(४) आलं, तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते. हे आपल्या लोकांना माहीत असतं. एक गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. चंपकमबाईंनी मेडिकलला अर्जच केलेला नव्हता. त्यांनी चौकशी केली, आपल्याला जागा मिळणार नाही असं त्यांना समजलं, आणि त्या कोर्टात गेल्या. हे मी मनचं सांगत नाही, निकालपत्रात नोंद आहे. अर्ज न करता नाकारलं गेल्याचं दुःख देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ऐकून घेतलं. आमचा पुतण्या तीन वर्षं अर्ज करतोय.

अमेरिकेतही १९७८ सालचा बाकी नावाच्या गोऱ्या उमेदवाराचा खटला मेडिकलचाच होता. तिथेही शंभरातल्या सोळा जागा काळ्या आणि इतर अल्पसंख्य मुलांसाठी होत्या, आणि माझी जागा त्या सोळांत गेली असं त्याचं म्हणणं होतं. उरलेल्या चौऱ्याऐंशींत ती का गेली नसेल, हा प्रश्न त्याने विचारला नाही.

मी काकांना तेवढाच प्रश्न विचारला होता. नातीची जागा कुणाकडे गेली असं तुम्हाला वाटतं? ते म्हणाले, "कोट्यात." कोणत्या कोट्यात? मॅनेजमेंट कोटा असतो, एनआरआय कोटा असतो, तिथे तिच्यापेक्षा पुष्कळ कमी मार्कांवर मुलं बसतात. काका म्हणाले, "ते आपल्या ऐपतीबाहेरचं." बघा, पैशावर गेलेल्या जागेबद्दल मनात खंत आहे, राग नाही. राग आहे तो आमच्या जागेबद्दल. पैसेवाल्याची जागा त्याची वाटते, आमची जागा मात्र तुमच्या घरातून उचललेली वाटते.

आता वेगाबद्दल बोलते. १९५६ साली बाबासाहेबांसोबत आमच्या लोकांनी नागपुरात धम्म घेतला. कागदावर बौद्ध लिहिलं आणि केंद्राच्या सवलती गेल्या. जात गेली नव्हती. विहीर तीच होती, वस्ती गावाच्या त्याच टोकाला होती. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीत धरलं १९९० साली. चौतीस वर्षं. मागासवर्गीयांचं बघा: कालेलकर आयोग १९५३ ला नेमला, १९५५ ला अहवाल आला आणि पडून राहिला. मंडल आयोग १९७९ ला, अहवाल १९८० ला, घोषणा १९९० ला, कोर्टाचा निकाल १९९२ ला. आणि सवर्ण गरिबांचं १० टक्के आरक्षण? ८ जानेवारी २०१९ ला विधेयक लोकसभेत मांडलं, त्याच दिवशी मंजूर झालं. ९ ला राज्यसभा. १२ ला राष्ट्रपतींची सही. १४ ला लागू. त्यासाठी नवा आयोग नाही, नवी पाहणी नाही. वार्षिक आठ लाखांच्या आतलं कुटुंब गरीब ठरलं, आणि त्यातून एससी, एसटी, ओबीसी गरीब वगळले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ते वैध ठरवलं. विरोधात गेलेल्या दोन न्यायमूर्तींना ही वगळणूकच मान्य नव्हती. काकूंचं वाक्य तिथे कायदा झालं. दाखला कशाला, दिसत नाही का.

माझा सवर्ण गरिबाच्या पोटावर आक्षेप नाही. गरिबी खरी असते. त्याला शिष्यवृत्ती द्या, फी माफ करा, वसतिगृह द्या. मी फक्त तारखा मोजते आहे.

आता रायपूर. सप्टेंबर २०२१ ची गोष्ट इथल्या सगळ्यांना आठवत असेल. तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांचे वडील नंदकुमार बघेल, वय ८६. ते ब्राह्मणांविरुद्ध बोलले, त्यांना गावात येऊ देऊ नका, बहिष्कार टाका, असं म्हणाले. सर्व ब्राह्मण समाजाच्या तक्रारीवरून रायपुरातल्या ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला, आणि काही दिवसांतच म्हातारा न्यायालयीन कोठडीत. मुलगा म्हणाला, कायद्यापेक्षा मोठा कुणी नाही. याच बघेलांचं 'ब्राह्मण कुमार रावण को मत मारो' हे पुस्तक जोगी सरकारने पूर्वीच बंद केलेलं होतं.

इथे मी माझं मत स्वच्छ सांगते, नाहीतर उद्या कुणी म्हणेल बाईंनी बगल दिली. गावात येऊ देऊ नका, ही भाषा मला मान्य नाही. ती भाषा आमच्यावर वापरलेली आहे. पाणी बंद, दळण बंद, दुकान बंद, ह्याचा अर्थ आम्हाला शब्दकोशात बघावा लागत नाही. बहिष्कार कुणी कुणावर टाकू नये. पण एक सांगा, त्यांच्या बोलण्यावरून कुठल्या गावात कुठला ब्राह्मण अडवला गेला? एकाही गावाचं नाव माझ्या ऐकण्यात आलं नाही. शब्दांनी भावना दुखावल्या आणि कायदा तेवढ्यावर उठून उभा राहिला.

त्याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. १५ मे २०२४ च्या रात्री बलौदाबाजार जिल्ह्यात, गिरौदपुरीजवळच्या महकोनीत, अमर गुफेपाशी सतनामींचा जैतखाम कापला. गिरौदपुरी म्हणजे गुरु घासीदासांची जन्मभूमी. जैतखाम म्हणजे पांढरा झेंडा लावलेला तो खांब, त्यांचं सगळ्यात पवित्र चिन्ह. पोलिसांनी बाहेरून आलेले तीन मजूर पकडले आणि प्रकरण मिटलं म्हणाले. समाज म्हणाला, हे खरे गुन्हेगार वाटत नाहीत, सीबीआय चौकशी करा. जवळजवळ महिनाभर म्हणत राहिला. १० जूनला मोर्चा निघाला, हिंसा झाली, कलेक्टर कचेरी आणि पोलीस अधीक्षकांची कचेरी जळाली. जाळपोळ चूकच. मग दीडशेवर अटका झाल्या, तरुण पोरं महिनोन्महिने आत राहिली. जैतखाम कुणी कापला हा प्रश्न धुरात गेला. भावना तिथेही दुखावल्या होत्या, आणि तिथे कापलेला खांब समोर पडलेला होता. तरी पुरावा कमी पडला.

आपण मराठी माणसं या गावात कशी आलो, हेही बोलायला हवं. नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत १७४१ साली रतनपूरवर चालून आले, पुढे बिंबाजी भोसल्यांचा अंमल झाला, आणि १८५४ साली राज्य खालसा होईपर्यंत या मुलखावर नागपूरचा वचक राहिला. तात्यापाऱ्यासारखी मराठी वस्ती त्या काळाची आठवण सांगते. कमाविसदार, कारकून, पुजारी, मग इंग्रजी अमलातले वकील, मास्तर, तहसीलदार. आपल्यातले काही जण राज्यकर्त्यांच्या दप्तरासोबत आले, आणि माझ्या आजोबांसारखे काही रेल्वेची खडी फोडायला. 'बाहेरचे' म्हणून आज स्थानिक राजकारणात आपल्याला दोघांनाही एकाच मापाने मोजतात, त्यामुळे मंडळांच्या बैठकांत 'मराठी माणसावर अन्याय' हा सूर लागतो. मी पण मराठीच बोलते. पण अन्यायाची ती गोष्ट १८५४ ला कशी सुरू करायची? तेव्हा आपल्यातल्या काहींची सत्ता गेली होती. गिरौदपुरीचे सतनामी ज्या जमिनीवर राबत होते ती जमीन कुणाच्या नावावर चढली होती, तिथून सुरू केली तर गोष्ट उलटी दिसते.

आणि १९४८. हा विषय निघाला की या कॉलोनीतल्या काही घरांत माणसं गप्प होतात, हे मला माहीत आहे. गांधीजींच्या खुनानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरं जाळली गेली. निरपराध माणसांनी भोगलं. बायका-पोरं रातोरात गाव सोडून निघाली. ते खरं आहे, त्याला मी दाखला मागणार नाही. ज्यांनी ती आग पाहिली त्यांना रात्री झोप लागली नसेल, आणि त्या झोपेचा हिशोब जातीने होत नाही.

पण ती गोष्ट पुढच्या पिढीला कशी सांगितली गेली ते ऐकून बघा. 'घर जाळलं, मग कूळकायद्यात जमीन गेली, मग आरक्षणात नोकरी गेली.' एका दमात. जाळपोळ हा गुन्हा होता. कूळकायदा हा कायदा होता, १ एप्रिल १९५७ ला कृषक दिन ठरला आणि जो कसत होता त्याला जमीन मिळाली. आरक्षण हा संविधानाने दिलेला वाटा. तिन्ही एका सुतात ओवले की शेवटी कूळ, शिपाई आणि मेडिकलला बसलेली आमची मुलगी, सगळे आग लावणाऱ्यांच्या रांगेत येऊन उभे राहतात. शिवाय गाव सोडून गेलेल्या त्या कुटुंबांची मुलं पुण्या-मुंबईत, रायपूर-नागपुरात शिकली, हुद्द्यांवर गेली. तेही गाव सोडणंच होतं, पण गाव सोडताना शिक्षण सोबत होतं. आमची माणसं गाव सोडून गेली ती झोपडपट्टीत गेली. मी दुःखाची तुलना करत नाही. दुःखानंतर हातात काय उरलं होतं, ते बघा म्हणते.

आता सगळ्यात अवघड भाग. मराठा समाज. अवघड यासाठी की इथे दुःख अगदी खरं आहे. विदर्भ-मराठवाड्यातला कोरडवाहू शेतकरी कर्जात बुडाला, त्यात मराठा आहे, कुणबी आहे. पोरं शिकली, नोकरी नाही, लग्न जमत नाही. मोर्चात चालणारा मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याच्या दुःखाला पत्ता चुकीचा दिला गेला.

१३ जुलै २०१६ ला अहमदनगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. आरोपी दलित होते. भयंकर गुन्हा, त्याची शिक्षा व्हायलाच हवी होती. ९ ऑगस्टला औरंगाबादेत पहिला मूक मोर्चा निघाला, मग राज्यभर निघाले, लाखोंचे. मागण्यांत मुलीला न्याय होता, आरक्षण होतं, आणि ॲट्रॉसिटी कायद्यात बदल होता. त्या तिसऱ्या मागणीचा मुलीच्या न्यायाशी काय संबंध? तिला न्याय ॲट्रॉसिटी कायद्याने अडवला नव्हता.

आता त्याच जिल्ह्यातलं दुसरं गाव, जामखेड तालुक्यातलं खर्डा. २८ एप्रिल २०१४ ला नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित मुलाला मारून झाडाला लटकवलं. कारण काय, तर वरच्या जातीच्या मुलीशी बोलला. दोन्ही खटले अहमदनगरच्याच सत्र न्यायालयात चालले. दोन्हींचे निकाल नोव्हेंबर २०१७ मध्ये, एकाच आठवड्यात आले. २३ तारखेला नितीनच्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फिरले. २९ तारखेला कोपर्डीच्या तिघांना फाशी. कोपर्डीचा निकाल चुकला असं मी म्हणत नाही. तिथे साक्षीदार उभे राहिले, सरकार उभं राहिलं, राज्य उभं राहिलं, तसंच व्हायला हवं. नितीनच्या बापाच्या मागे गावातलं कोण उभं राहिलं? ज्या कायद्याचा गैरवापर होतो म्हणून लाखो लोक चालले, तो कायदा नितीनच्या कामी आला नाही. खैरलांजीत तर तो लागलाच नाही. २००६ साली भंडारा जिल्ह्यात भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली, गुन्हेगारांना शिक्षा झाली, पण कोर्टाने त्यात ॲट्रॉसिटी पाहिली नाही. भैयालाल भोतमांगे २०१७ च्या जानेवारीत वारले, ते शेवटपर्यंत हेच सांगत होते की आम्हाला जातीमुळे मारलं.

गैरवापराची ही तक्रारही पुराव्यावाचून वरपर्यंत गेली. २० मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ॲट्रॉसिटी कायद्याला लगाम घातला. २ एप्रिलला भारत बंद झाला, आपली माणसं गोळीला बळी पडली. मग संसदेने कायदा दुरुस्त केला आणि १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयाने स्वतःचेच निर्देश मागे घेतले. एका अख्ख्या समाजाला खोट्या तक्रारी करणारा समजणं समानतेला धरून नाही, अशा आशयाचं न्यायालय तेव्हा म्हणालं. मधल्या दीड वर्षाची भरपाई कुणी मागितलीही नाही.

आरक्षणाच्या बाबतीत मराठ्यांना पुरावा द्यावा लागला, हे मात्र मान्य करायला हवं. गायकवाड आयोग बसला, २०१८ ला कायदा झाला, ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. रद्द करताना आकडे आयोगाचेच वापरले: खुल्या प्रवर्गातून भरलेल्या 'अ' गटातल्या जागांपैकी ३३ टक्के मराठ्यांकडे होत्या. मुख्यमंत्री निम्म्याहून अधिक त्याच समाजातले. साखर कारखाने, सहकारी बँका, शिक्षणसंस्था कुणाच्या आहेत ते विदर्भातलं पोरगंही सांगेल. मग अंतरवाली सराटीतल्या पोराने विचारायला नको का, की साठ वर्षं तुमच्या हाती राज्य होतं, माझं शेत कोरडं का? तो प्रश्न वर जात होता. पुढाऱ्यांनी त्याला हाताला धरून खाली वळवलं, ओबीसींच्या वाट्याकडे.

आणि कागदाची गोष्ट इथेही आली. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, कुणबी नोंदी शोधायला. जिल्ह्याजिल्ह्यात कक्ष उघडले, मोडी वाचणारे बसवले, उर्दू-फारसी वाचणारे बसवले, जुनी दप्तरं धुंडाळली, पन्नास लाखांवर नोंदी निघाल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटवर शासन निर्णयही निघाला. हे वाचताना मला पहिल्यांदा कळलं की सरकारने मनात आणलं तर कागद सरकारही शोधू शकतं. माझ्या पुतण्याला वाटत होतं की कागद शोधणं हे फक्त अर्जदाराचं काम असतं.

इथे थांबता आलं असतं, टाळ्याही पडल्या असत्या. पण आपल्या घरातलंही बोलते. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करायला राज्यांना मोकळीक दिली. आपल्या मातंग भावांची ही मागणी जुनी आहे. मला त्या निकालाबद्दल शंका आहेत, क्रिमिलेयरच्या भाषेबद्दल तर जास्तच. पण आपल्या व्हॉट्सॲप गटात त्या आठवड्यात काय आलं? 'फूट पाडायचा डाव.' 'त्यांनी शिकावं की, कुणी अडवलं?' 'आकडेवारी दाखवा.' आकडेवारी दाखवा! हे शब्द वाचताना मला कार्यालयातली ती खिडकी आठवली. आपण खिडकीच्या आतल्या बाजूला कधी जाऊन बसलो, आपल्यालाच कळलं नाही. मेहतर वस्तीतला माणूस आपल्यासमोर आला तर आपण त्याला कोणता कागद मागतो, ते ज्याचं त्याने घरी जाऊन आठवावं.

पुष्कळ वेळ घेतला. काका आज इथे आले आहेत, तिसऱ्या रांगेत आहेत, त्यांची परवानगी घेऊनच त्यांचं सांगितलं. काकूही आल्या आहेत. नातीच्या कौन्सेलिंगची यादी त्यांनी सोबत आणली आहे, कोणती जागा कोणत्या प्रवर्गातून कुठे बंद झाली ती. मी पुतण्याची फाईल आणली आहे. चहा येईपर्यंत दोन्ही या टेबलावर मांडून बघू. ज्यांना थांबायचं त्यांनी थांबा, आणि मिसल वाचता येणारं कुणी असेल तर त्याने जरूर थांबावं.

जय भीम.